तीन दगडांपाशी थांबलेला चर

समतर लासअदला आला तो मी पाठवलेल्या एका फोटोमुळे. म्हणजे पुढे जे घडलं त्यात माझाही थोडा हात आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मी लासअदच्या शाळेत शिकवतो. आमचं गाव म्हणजे एडनच्या समोरच्या किनाऱ्यावर, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या खडकाळ पट्टीवरची साठेक घरं, एक मशीद आणि समोर एक उघडंबोडकं बेट. त्याच्या आडोशाला आमच्या होड्या नांगरतात. माझी आत्या अंबरो मशिदीमागे, नदीच्या कोरड्या पात्राच्या काठावरच्या घरात एकटी राहायची. तिच्या घराण्याकडे डोंगरातल्या धुपाच्या झाडांचा वाटा होता. वरून आलेला डिंक निवडायचा, मोठे खडे एकीकडे, चुरा एकीकडे, हे तिचं आयुष्यभराचं काम. दुपार कलली की ती निखाऱ्यावर थोडा चुरा टाकायची आणि अंगावरचे कपडे धुरावर धरायची. आमच्याकडे सगळ्याच बायका हे करतात, पण त्यांची धुपाटणी पांढऱ्या दगडाची, बाजारातली. आत्याचं धुपाटणं म्हणजे एका मोठ्या रांजणाचा उलटा ठेवलेला गळा होता. दोन्ही बाजूंना जाड कान, आणि निखारा खाली पडू नये म्हणून आत बसवलेला पत्र्याचा तुकडा.

मी लहानपणापासून ते पाहत आलो होतो, त्यामुळे कधी नीट पाहिलंच नव्हतं. एका ईदच्या आधी आत्याने ते घासायला माझ्याकडे दिलं तेव्हा एका कानाखाली पुसट ठसा दिसला. दोन-तीन अक्षरं होती, ना अरबी ना इंग्रजी. मी फोटो काढून समतरला पाठवला. समतर आणि मी बोरामाला कॉलेजात एका खोलीत राहायचो. मी मास्तर झालो, तो हरगेसाला पुरातत्त्व खात्यात लागला. फोटो गेल्यावर त्याचा फोन आला आणि त्याने एवढंच विचारलं, की आत्या घरी कधी असते. चौथ्या दिवशी तो गाडी, तंबू आणि चार मजूर घेऊन हजर झाला. फेब्रुवारी महिना होता.

समतर उंच, जरा वाकलेला, कमी बोलणारा माणूस. त्याचं लहानपण सीमेपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीत गेलं. तिथे शाळेच्या तंबूत त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक खलाशाने आपल्या किनाऱ्यावरची बंदरं एकामागून एक लिहून ठेवली आहेत: कुठे नांगर टाकावा, काय विकलं जातं, काय विकत मिळतं, लोक कसे आहेत. ज्या पोराच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता त्याला हे ऐकून काय वाटलं असेल याची मी कल्पना करू शकतो. त्याने स्वतः ते कधी बोलून दाखवलं नाही.

गावात कुणी खणायला आलं की आधी शेख रोबलेची परवानगी लागते. रोबले आमचा इमाम, आणि वयाने मोठा म्हणून पंचही. समतरने कागद दाखवले, मग चहाच्या टपरीवर बसून सगळ्यांना त्या खलाशाचं म्हणणं सांगितलं. बेटाच्या आडोशाला सुरक्षित नांगरता येईल असं एक बंदर त्याने लिहिलं आहे. धूप तिथलाच. आणि तिथले व्यापारी म्हणे शेजारच्या बंदरातल्यांपेक्षा भांडखोर.

“म्हणजे आपलंच गाव,” रोबले म्हणाला. “याला आणखी पुरावा कशाला हवा?”

मग बराच वेळ लोक एकमेकांना ग्रीकाची साक्ष काढून दाखवत होते. टपरीवाल्याने उधारी मागितली तरी म्हणायचे, बघ, लिहूनच ठेवलंय. समतरने हेही सांगितलं, की त्या काळी या किनाऱ्यावर एक राजा नव्हता, दर बंदराचा प्रमुख वेगळा. त्यावर रोबले म्हणाला, की तेव्हाही कुणी कुणाचं ऐकत नव्हतं तर. तंबू ठोकायला परवानगी मिळाली. फक्त कबर दिसली तर हात लावायचा नाही, ही अट.

समतरची अडचण वेगळी होती, आणि ती त्याने मला एकट्याला समजावली. खलाशाने नावं लिहिली, पण कुठलं नाव कुठल्या गावाचं हे विद्वानांना आजही नक्की सांगता येत नाही. किनाऱ्यावर दगडांच्या जुन्या राशी आहेत, त्यात रंगीत काचेचे तुकडे सापडतात. पण काच काय, जाणारं-येणारं जहाजही टाकून जाईल. परदेशी भांडं सापडलं की लोक म्हणतात परदेशी माणसं इथे राहत होती. त्याला हवी होती एक जमीन, म्हणजे घराची सारवलेली जमीन, जिच्यावर आमच्या लोकांची चूल आहे, आमची ओबडधोबड मडकी आहेत आणि त्यांच्यातच बाहेरचे रांजणही फुटून पडले आहेत. “मग म्हणता येईल की घर यांचं होतं आणि माल त्यांचा,” तो म्हणाला.

त्यासाठी रांजणाचा गळा कुठे सापडला ते कळायला हवं होतं. आत्याने सरळ सांगितलं, की तिच्या नवऱ्याच्या, गेल्लेच्या जाळ्यात तो आला होता, बेटाजवळ. गेल्ले वारून नऊ वर्षं झाली होती. समतरने गळा हातात घेऊन सावकाश फिरवला, मान हलवली आणि परत दिला. पुढे तीन आठवडे त्याने गावाच्या पूर्वेकडच्या टेकाडावर चर खणले. शिंपले निघाले, बकऱ्यांच्या लेंड्यांचा हातभर थर निघाला, इंग्रजांच्या काळातला पत्र्याचा डबा निघाला. दुसरं काही नाही.

रोज सकाळी कामाला जाण्याआधी तो आत्याकडे चहा घेत असे. ती त्याला लाहोह, म्हणजे आमची जाळीदार आंबोळी, आणि तूप वाढायची, छावणीत काय खायला मिळायचं ते विचारायची. गळ्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. एकदा मीच म्हटलं, की समुद्रातून आला असेल तर तू जमिनीवर का शोधतोयस? तेव्हा तो म्हणाला, “समुद्रात राहिलेल्या भांड्यावर किड्यांच्या पांढऱ्या नळ्या चिकटलेल्या असतात. घासूनही जात नाहीत. त्याच्यावर एकही नाही.”

म्हणजे आत्या खोटं बोलते आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग विचारत का नाहीस, असं मी म्हटलं. तो म्हणाला, त्या वयाची बाई खोटं बोलते तेव्हा तिला ते बोलावं लागत असतं.

मार्चच्या मध्यावर समतरने सामान आवरायला घेतलं. मेपासून आमच्याकडे असा गरम वारा सुटतो की म्हातारी माणसं आणि पोरंबाळं डोंगरावर जातात. त्याची मुदत त्याच्या आधीच संपत होती. निरोप घ्यायला तो आत्याकडे गेला, मीही बरोबर होतो. ती उंबऱ्यापाशी सुपात डिंक निवडत बसली होती. त्याने सांगितलं की उद्या निघतो. ती काही वेळ खडे वेगळे करत राहिली.

“तिकडे टेकाडावर काही नव्हतंच,” ती म्हणाली. “मला माहीत होतं.”

समतर खाली बसला. मी उभाच राहिलो.

“माझ्या परसात आहे. मागच्या भिंतीपासून दहा पावलं. तीन दगड आहेत तिथे.” तिने सूप बाजूला ठेवलं. “तिथे माझा मुलगा आहे.”

आत्याला एकच मुलगी, एरिगावोला दिलेली. मुलगा झाल्याचं मी ऐकून होतो. तो युद्धाच्या वर्षी डोंगरात पळापळीत गेला आणि तिकडेच त्याला पुरलं, असं घरात सगळे धरून चालले होते. आत्याने जे सांगितलं ते वेगळं होतं. गेल्ले तेव्हा एडनला अडकला होता. विमानं बॉम्ब टाकून गेल्यावर गाव रिकामं झालं. तिचे दिवस भरले नव्हते, पण त्या धावपळीत तिला कळा सुरू झाल्या आणि ती मागे राहिली. मूल दोन दिवस जगलं. कबरस्तान नदीच्या पलीकडे आणि पलीकडच्या रस्त्यावर सैनिक. तिने त्याला घरात असलेल्या पाण्याने आंघोळ घातली, आपल्या पांढऱ्या ओढणीत गुंडाळलं आणि परसात हाताने व पातेल्याच्या झाकणाने खड्डा केला. खणताना खापरंच खापरं लागली. त्यांच्यातच हा गळा होता. तो उपसून बाजूला ठेवला तेव्हा मूल मावेल एवढी जागा झाली.

“मयतीचा नमाज झाला नाही त्याचा,” ती म्हणाली. “पुरुषमाणूस कुणी नव्हतंच. गेल्ले परत आल्यावर त्याने पहिलं तेच विचारलं, की नमाज कुणी पढवला. मी म्हटलं, डोंगरात एका शेखाने. एकदा म्हटलं ते म्हटलं.”

समतरने विचारलं, “आत्या, मग आज का सांगितलंत?”

“तू तीन आठवडे माती उपसलीस आणि मला एकदाही खोटं पाडलं नाहीस.”

तिने खणायला परवानगी दिली, पण दगडांपासून दोन हात सोडून. त्या दिवशी समतरने हरगेसाला फोन करून बारा दिवसांची मुदत वाढवून घेतली.

शेख रोबलेला सांगणं भाग होतं, कारण कबरीची अट त्याचीच होती. आत्याने मला सांगू दिलं नाही, स्वतःच त्याला बोलावलं. दोघं चुलत भावंडं, एका वयाची. मी दाराशी होतो. रोबलेने सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, की नमाज बाईने एकटीने पढला असता तरी चाललं असतं, धर्मात तशी सोय आहे.

“हे सांगायला तू तेव्हा कुठे होतास, रोबले?” आत्या म्हणाली.

रोबले तेव्हा गावातल्या पुरुषांबरोबर बंदूक घेऊन डोंगरात होता. उठताना एवढंच म्हणाला, की कबरीवर उभं राहून नंतरही नमाज पढता येतो, त्याला मुदत नसते.

चर पाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद आखला. पहिल्या दोन दिवसांत वरची माती गेली, तिसऱ्या दिवशी खापरं लागली आणि चौथ्या दिवशी सारवलेली जमीन. मी शाळा सुटली की जाऊन बसायचो. तीन दगडांची काळीकुट्ट चूल होती, आज आमच्या घरात असते तशीच. तिच्या भोवती आमच्याकडची जाड, हाताने थापलेली मडकी फुटून पडली होती, आणि त्यांच्यात मिसळलेले गुळगुळीत तांबूस रांजणांचे तुकडे. हिरवट निळ्या काचेच्या वाटीचा काठ मिळाला. भडोचकडून येत असे तसला तांबड्या अकीकाचा एक मणी मिळाला. चुलीच्या राखेत बोराएवढा काळा गोळा होता. समतरने त्याचा कण सुईने टोकरून निखाऱ्यावर धरला आणि वास आल्यावर माझ्याकडे पाहिलं. तो धूप होता. आत्यालाही हुंगायला दिला. ती म्हणाली, हलका माल आहे, सावलीतल्या झाडाचा.

समतर हसल्याचं त्या मुक्कामात मी तेव्हाच पाहिलं.

नवव्या दिवशी भिंत लागली. चुलीच्या मागून निघालेली, नीट रचलेल्या दगडांची. घराचा कोपरा सापडला, पाया सापडला आणि पायाखाली काय आहे ते पाहिलं की भिंत कधीची हे पक्कं सांगता येतं, असं समतर म्हणाला. खापरं वरून वाहूनही येऊ शकतात, पायाखालचा थर कुठे जात नाही. चरात जेवढी भिंत होती तिचे थोडेच दगड जागेवर होते, बाकीचे कुणीतरी कधीच पायासकट उपटून नेले होते. चांगली भिंत पुढे होती. ती सरळ कबरीच्या तीन दगडांच्या खाली जात होती.

समतरने काम थांबवलं आणि दोन दिवस नुसते नकाशे काढत बसला. त्याच्या परदेशातल्या जुन्या प्राध्यापकांचा फोन आला. त्यांचं म्हणणं, कबर हलवणं जगभर चालतं, सन्मानाने करा, पण करा. रोबलेनेही दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, की तशी गरज असेल तर हाडं उचलून कबरस्तानात नेता येतील, मीच नेईन. उलट मूल आपल्या माणसांत जाईल. मलाही ते पटलं. मी समतरला म्हटलं, आत्याला विचार, ती नाही म्हणणार नाही.

तो गेला. आत्या परसाच्या भिंतीला टेकून उभी होती. त्याने काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, “तू विचारलंस तर मी हो म्हणेन. म्हणून विचारू नकोस.”

मग त्याने मजुरांना सांगून उघड्या भिंतीवर वाळू पसरायला लावली आणि त्यावर माती लोटायला.

निघण्याच्या आदल्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजानंतर, रोबले गावातल्या पुरुषांना घेऊन परसात आला. चर अर्धा भरलेला होता, जागा कमी, म्हणून मागची ओळ चराच्या कडेला उभी राहिली. मी आणि समतर त्याच ओळीत होतो. उभ्याउभ्याच ‘अल्लाहू अकबर’च्या चार तकबिरी झाल्या, नमाज संपला. एवढ्याशा कामाला पाच मिनिटंही लागली नाहीत. आत्या घराच्या आत होती. बाहेर आली तेव्हा तिने सगळ्यांना खजूर वाटले आणि रोबलेला दोनदा वाढले.

समतरचा अहवाल दीड वर्षाने छापून आला. त्याची प्रत शाळेच्या कपाटात आहे. त्यात चूल आहे, मडकी आहेत, मणी आहे, ठशाची अक्षरं आहेत. भिंतीबद्दल एक वाक्य आहे, की उत्तरेकडे खोदकाम थांबवण्यात आलं. कारण दिलेलं नाही. एका परदेशी विद्वानाने त्यावर टीका लिहिली, की पायाच तपासला नाही तर ही वस्ती त्या काळची कशावरून? नंतरच्या लोकांनी जुन्या दगडांवर, जुन्या खापरांवर घर बांधलं असेल. माझ्या समजुतीप्रमाणे ती टीका योग्य होती. आता त्या बंदरांच्या याद्यांमध्ये लासअदच्या नावापुढे ‘संभाव्य’ असा शब्द असतो. समतरला मी फोनवर विचारलं की वाईट वाटतं का. तो म्हणाला, वाटतं.

त्यानंतरच्या मे महिन्यात चक्रीवादळ आलं. आमच्याकडे पाऊस मुळात कमी, त्यात दोन वर्षांचा पाऊस एका दिवसात पडला. नदीने पात्र बदललं आणि मशिदीमागची सहा घरं समुद्रात नेली. माणसं सगळी वाचली. आत्या तेव्हा एरिगावोला मुलीकडे होती. मशीद खडकावर असल्यामुळे राहिली. तिच्यामागे आता लांबच लांब गोट्यांचं पात्र होतं, आणि ते इतकं सपाट, की इथे कुणी कधी राहिलं असेल असं वाटू नये. भिंत, तिचा पाया, सगळंच गेलं होतं.

गावाने वर डोंगराच्या पायथ्याशी सरकायचं ठरवलं. जून उजाडताना उरलेलं सामान न्यायला ट्रक आला, त्यात बसून आत्या आली. समतर हरगेसाहून आला होता. खात्याने त्याला नुकसान पाहायला पाठवलं होतं. आत्या पात्रात इकडून तिकडे चालत होती. घर कुठे होतं तेच तिला कळत नव्हतं. पस्तीस वर्षं ती त्या घरात राहिली होती, पण ओळखीचं काहीच उरलं नव्हतं. मलाही सांगता येईना.

समतरने गाडीतून नकाशाची गुंडाळी आणि फीत आणली. त्याने त्या वेळी सगळी मापं मशिदीच्या कोपऱ्यापासून घेतली होती, तसा त्यांचा नियमच असतो. चर आखताना कडेच्या कबरीचे तीन दगडही त्याने मोजून कागदावर काढले होते. मी कोपऱ्याशी फितीचं टोक धरून उभा राहिलो. तो चालत गेला, होकायंत्र पाहून थोडा डावीकडे सरकला, परत मोजलं. मग त्याने पायाने गोट्या बाजूला केल्या आणि आत्याला हाक मारली.

ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. खाली नुसत्या गोट्याच होत्या.

“इथे?”

“इथेच. पण जमीन वाहून गेली आहे, आत्या. तेव्हाची जमीन आत्ताच्या वर होती.”

“किती वर?”

समतरने नकाशावरचा आकडा पाहिला आणि आपल्या कमरेपाशी हात आडवा धरला. मग खड्ड्याच्या अंदाजाने थोडा खाली आणला.

आत्याने त्याच्या हाताच्या बाजूला, तेवढ्याच उंचीवर, आपला हात धरला. तळवा वर होता. वारा तिची ओढणी ओढत होता. मग ट्रकवाल्याने हॉर्न दिला आणि आम्ही तिघं सामान चढवायला गेलो.